पायाकडची खाच

२ जानेवारी

प्लायवूडवाल्याने यंदा कोऱ्या पानांची डायरी दिली. दरवर्षी रेघांची द्यायचा. धंदा वाढला की माणूस कसा चिक्कू होत जातो बघा, रेघांची शाईसुद्धा वाचवायला लागतो. हिला दाखवली तर म्हणाली, "कोरी कुठंय?" आणि पुढे काही बोलायच्या आत दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. दूध उतू गेल्याचा वास काही मला आला नाही.

असो. कोरी तर कोरी. उभा जन्म लाकडावर सरळ रेघा मारण्यात गेला, कागदावर काय अडणार आहे?

यंदा मात्र नेमाने लिहायचं ठरवलंय. कारखान्यात काहीतरी बिनसलंय आणि मला कुणी सांगत नाही. मी आलो की बोलणी थांबतात. वडिलांनी नुसत्या करवतीवर आणि हिमतीवर उभा केलेला हा कारखाना. दारा-खिडक्यांच्या चौकटी आम्ही करतो, दुसरं काही करत नाही. मी आणि धाकटा. पूर्वी आम्हा भावांच्या मध्ये रंध्याचा भुसासुद्धा साठत नव्हता, आता काय साठलंय ते शोधून काढायचं आहे.

६ जानेवारी

कंत्राटदार लंबू येऊन गेला. नवीन दवाखाना बांधतोय. सगळ्या खोल्यांच्या चौकटी आमच्याकडून हव्यात. म्हणाला, लोखंडी चौकटी स्वस्त पडल्या असत्या, पण डॉक्टरांना लाकूडच हवंय. आणि जाता जाता धाकट्यासमोरच म्हणाला, "दादा, तुमच्या हातच्या हव्यात हां. एका खाचेच्या."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. धाकट्याचं तोंड बघायला हवं होतं, पण तो तेव्हा वाकून काहीतरी उचलत होता.

खाचेचं इथे लिहून ठेवतो. वडिलांची पद्धत अशी होती की चौकट झाली की तिच्या पायाकडच्या टोकाला पटाशीने खाच पाडायची. ते टोक फरशीखाली गाडलं जातं, पुन्हा कुणाला दिसत नाही. वडील म्हणायचे, नाव भिंतीवर रंगवतात ते दुकानदार, आपलं नाव जमिनीत गेलं पाहिजे. त्यांच्या मागे थोरल्याची म्हणून माझी एक खाच, धाकट्याच्या दोन. गावातल्या किती घरांच्या पायात माझी एक खाच असेल ते मलाच माहीत नाही. चौकट वाकडी निघाली तर फरशी बसायच्या आत पायाशी वाकून बघायचं, कुणाची ते कळतं. त्यात वाद नसतो.

१२ जानेवारी

हातच्या काकणाला आरसा कशाला. नवीन घर बांधणाऱ्या शिक्षकबाईंकडून निरोप आला की स्वयंपाकघराचं दार चौकटीत बसत नाही, वरून घासतं आणि खालून मांजर जाईल एवढी फट राहते. मी स्वतः गेलो. हात फिरवला. कोपऱ्यात बोट घातलं तर सांधा उघडा. चौकट कुठल्याच बाजूने काटकोनात नव्हती. फरशी अजून बसायची होती. पायाशी वाकून बोटाने चाचपलं. दोन खाचा.

एक खाच बोटाला गुळगुळीत लागली, दुसरीला अजून कुसळं होती, बोटात शिरली. म्हणजे एकाच वेळी दोन खाचा पाडायचंही त्याच्याच्याने होत नाही. एक आज, एक उद्या. असं काम.

कारखान्यात येऊन बोललो. गिऱ्हाइकांसमोर नाही, तेवढं मला कळतं. धाकटा म्हणाला, "दादा, चुकलं." एवढंच. सबब नाही, काही नाही. पूर्वीचा धाकटा असता तर तासभर भांडला असता. लाकूड ओलं होतं, गवंड्याने ठोकलं, काहीतरी म्हणाला असता. भांडत नाही याचाच मला जास्त राग आला. ज्याला जायचं असतं तो भांडत नाही.

१९ जानेवारी

आज जे ऐकलं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. दुपारी जेवायला घरी आलो. मागच्या दाराने आलो, कारण पुढच्या पायरीवर हल्ली पाय नीट पडत नाही, ती पायरीच झिजली आहे. स्वयंपाकघरात धाकट्याचा आवाज. म्हणत होता, "वहिनी, तुम्ही काही बोलू नका. मला शब्द दिलाय तुम्ही." आणि ही म्हणाली, "किती दिवस, भाऊजी?" तो म्हणाला, "जमेल तितके."

मी मुद्दाम खोकलो. धाकट्याने मला पाण्याचा तांब्या दिला. हातात दिला, नेहमीसारखा समोर ठेवला नाही. गोड वागणूक कशासाठी असते ते मला कळतं.

त्याला वेगळं व्हायचं आहे. लंबूचं काम संपलं की आपलं दुकान थाटणार, आणि वहिनीला आधीच फितवून ठेवलंय. जिच्या हातचं जेवलो तीसुद्धा त्यात आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही. आम्हा सुतारांना तर ही म्हण रोज हातात धरावी लागते.

२६ जानेवारी

मुलीचा फोन आला होता. सासरचं सगळं ठीक. मग तेच रडगाणं, बाबा डोळे दाखवले का. म्हटलं, गेल्या वर्षी दाखवले की. तिच्या काकाने आणि आईनेच नेलं होतं. डॉक्टरने यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, दिवे मारले, मग मला बाहेर बाकावर बसवून या दोघांना आत बोलावलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले. धाकटा म्हणाला, काही नाही दादा, थेंब दिलेत. ही घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रिक्षात धाकट्याने माझा हात धरला होता. मी काय म्हातारा आहे का?

थेंब टाकतो. थोडी चुरचुर होते. बाकी मला पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा इथून दिसतो. निदान तिथे काहीतरी काळं बसलेलं असतं आणि ते कावळाच असणार. जवळचं थोडं पुसट दिसतं, पण ते चष्म्याच्या काचा घासल्या गेल्यामुळे. भुशात काम करणाऱ्या कुणाच्या काचा धड असतात?

मुलीला हे सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं, आईला दे." मग दोघी हळू आवाजात कितीतरी वेळ. या घरात सगळे माझ्याच पाठीमागे बोलतात.

३० जानेवारी

दवाखान्याचं लाकूड आलं. चांगलं वाळलेलं आहे. नाकाला लावलं तरी कळतं.

५ फेब्रुवारी

काम जोरात. एक गोष्ट मात्र विचित्र आहे. मी सकाळी जाईपर्यंत धाकटा कारखाना उघडून बसलेला असतो. भुसा पडलेला, करवत गरम. विचारलं तर म्हणतो झोप लागत नाही. आणि माझ्या चौकटींचा ढीग माझ्या अंदाजापेक्षा मोठा दिसतो. कालच मला वाटलं, यातल्या अर्ध्या मी कधी केल्या? खाली हात लावून बघितलं, एक खाच. म्हणजे माझ्याच. हात आपोआप चालतात हेच खरं. माणूस विसरतो, हात विसरत नाहीत.

पेन्सिली मात्र अगदी टाकाऊ यायला लागल्यात. रेघ मारली की दिसतच नाही. दुकानदाराला परत नेऊन दिल्या, तो म्हणाला दादा, त्याच आहेत हो, नेहमीच्याच. त्याने समोर मारून दाखवली. त्याच्या दुकानात उजेड चांगला आहे, आमच्याकडे दिवे मिणमिणतात.

११ फेब्रुवारी

धाकट्याने काल माझ्या हातातली करवत काढून घेतली. म्हणाला, "दादा, तू बस, चहा घे, मी एवढं कापतो." बोटाला जरा लागलं होतं, दुसरं काही नाही. सुताराच्या बोटाला लागणार नाही तर काय कारकुनाच्या लागणार? मी करवत परत घेतली. माझी जागा घ्यायची घाई झाली आहे त्याला. वडिलांचं स्टूल माझं आहे, त्यावर बसायचे डोहाळे लागलेत.

१६ फेब्रुवारी

आज नाक कापलं गेलं.

लंबूने दवाखान्यावर बोलावलं. धाकटा म्हणत होता मी जातो दादा, तू कशाला उन्हात. मी म्हटलं, दोघं जाऊ. गेलो तर लंबू लाल. भिंती उभ्या राहिल्या होत्या, चौकटी रोवल्या होत्या, आणि दारं बसवायला घेतली तर एका रांगेतल्या कित्येक चौकटी तिरक्या. दार लावलं की वरच्या कोपऱ्यातून पलीकडचं आकाश दिसतं म्हणाला. "रुग्णाची ढकलगाडी अडकायची इथं दादा. घर असतं तर म्हटलं असतं चालवून घ्या."

मी म्हटलं, पायाकडे बघू. फरशी बसली नव्हती. मी एकेका चौकटीपाशी गुडघे टेकून बोट फिरवलं. सरळ होत्या त्या सगळ्या एका खाचेच्या. तिरक्या होत्या त्या सगळ्या दोन खाचांच्या. एकही अपवाद नाही. देवाने पुरावा मांडावा तसा मांडलेला.

तिथला म्हातारा गवंडी माझ्याबरोबर वाकून बघत होता. म्हणाला, "पण दादा, यातली एक खाच आधीची आणि दुसरी..." धाकटा मध्येच म्हणाला, "मामा, जरा पाणी द्या हो." गवंड्याने त्याच्याकडे बघितलं आणि पाणी आणायला निघून गेला. पुन्हा आलाच नाही.

लंबू भला माणूस, म्हणाला एखादं हत्यार बिघडलं असेल, गुण्या तपासा. गुण्या म्हणजे आमचा काटकोन, वडिलांचा, शिसवी दांड्याचा. चौकटीचा प्रत्येक कोपरा त्यावर तपासून पुढे जातो. धाकट्याने तो पिशवीत आणलाच होता. सगळ्यांसमोर त्याने एका फळीच्या कडेला गुण्या टेकवून रेघ मारली, मग तो पालथा करून त्याच जागी दुसरी रेघ मारली. गुण्या बिघडलेला असेल तर दोन रेघा फाकतात. लंबूने बघितलं, दोन मजुरांनी बघितलं. एकच रेघ. केससुद्धा मध्ये मावणार नाही म्हणाले.

म्हणजे हत्यार बरोबर आणि हात चुकीचा. मी तिथेच म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं." कुणी हसलं नाही. धाकटा फळी उचलून बाजूला ठेवत होता. त्याने लंबूला सांगितलं की दोन खाचांच्या सगळ्या चौकटी माझ्या, माझ्या खर्चाने बदलून देतो, दादांचा यात काही संबंध नाही. संबंध नाहीच. ते तू सांगायची काय गरज?

१८ फेब्रुवारी

सांगून टाकलं. आज सकाळी.

रात्रभर विचार केला होता, रागाच्या भरात नाही केलं. वडिलांचं नाव आहे, ते एकाच्या हलगर्जीपणापायी मातीत घालू का? आणि त्याला जायचंच आहे, तर मी दार उघडून देतो. चोरासारखं स्वयंपाकघरात उभं राहून बेत करायला नकोत.

तो रंधा मारत होता. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. त्याने रंधा थांबवला. मग म्हणाला, "दादा, दवाखान्याचं काम होऊ दे. मग तू म्हणशील तिथे जातो."

"आज."

"तू एकटा कसा करशील?"

"एकट्याने केलं तरच सरळ होईल."

तो काहीतरी बोलणार होता. मला दिसलं, म्हणजे जाणवलं. मग उठला. आपली हत्यारंसुद्धा घेतली नाहीत. कोपऱ्यातला दिवा काढून मोठा दिवा लावला, हा असू दे म्हणाला. मग भिंतीवरचा वडिलांचा गुण्या काढला, बराच वेळ हातात धरून उभा राहिला. तेलाच्या चिंधीने पुसला आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. दारात थांबून म्हणाला, "थेंब टाकत जा." ही पण एक बोलायची तऱ्हा.

हिला सांगितलं तेव्हा ही भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "अहो, काय केलंत हे?" मी म्हटलं, तुमचे बेत मला ठाऊक आहेत. ती म्हणाली कसले बेत. मी म्हटलं, शब्द दिलाय ना तुम्ही एकमेकांना, मग पाळा. तेव्हा ही अशी रडली की लग्न होऊन आली त्या दिवशीही रडली नसेल. धाकट्याला हिने पोटच्या पोरासारखं वाढवलंय, वाईट वाटणारच. मलाही वाटतंय. मला दगडाचा समजू नये कुणी.

२१ फेब्रुवारी

कारखान्यात शांत आहे. बरं वाटतं. कुणी हातातून करवत काढून घेत नाही.

२ मार्च

बदलायच्या चौकटी एकट्याने करतो आहे. वेळ लागतो. ही दुपारी डबा घेऊन येते आणि जातच नाही, कोपऱ्यात बसून राहते. दोनदा म्हणाली, भाऊजींना बोलवा हो. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी ओरडलो. मग म्हणाली नाही.

धाकटा लाकडाच्या वखारीत मापं घ्यायच्या कामाला लागलाय असं कळलं. दुसऱ्याच्या वखारीत. दुकान थाटणार होता ना? पत नसेल मिळाली. ज्याची चौकट वाकडी त्याला कोण उभं करील?

९ मार्च

लंबूकडून बदलून दिलेल्या चौकटी परत आल्या. सगळ्या. हातगाडीवाल्याने अंगणात आणून टाकल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

मागून लंबू स्वतः आला. चपला काढून बसला. आवाज इतका मऊ की मला आधीच कळलं. म्हणाला, "दादा, पुष्कळ केलंत तुम्ही आजवर. आता जरा आराम करा." चौकटी लोखंडी घेणार आहे म्हणाला. डॉक्टरांनी परवानगी दिली. मी विचारलं, काय चुकलंय ते सांग. तो म्हणाला, जाऊ द्या ना दादा.

त्याच्या पाठीमागे एकेक चौकट चाचपली. कोपऱ्यात दोरी लावून बघितली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उलटी. दोन्ही दोऱ्या सारख्या भरायला हव्यात. एकीच्याही भरल्या नाहीत. आणि पायाशी एक खाच. माझी. माझ्या हाताने, माझ्या कारखान्यात, मोठ्या दिव्याखाली.

आज जेवलो नाही. मनात एक विचार आला होता, तो इथे लिहिणार नाही.

१० मार्च

तो विचार लिहायची गरजच नाही, कारण आज पहाटे लख्ख आठवलं. गुण्या.

जायच्या दिवशी त्याने भिंतीवरून गुण्या काढला होता. बराच वेळ हातात धरून उभा होता. माझ्याकडे पाठ होती. मी समजलो वडिलांची आठवण. काय करत असेल पाठ करून? गुण्याचं पातं दांड्यातून किंचित ढिलं करायला किती वेळ लागतो? दाबलं की झालं. मग तेलाने पुसून खिळ्याला. दवाखान्यावर सगळ्यांनी बघितला तेव्हा तो बरोबर होता. त्यानंतर बिघडला तर कुणी बिघडवला?

म्हणूनच भांडला नाही. म्हणूनच हत्यारं नेली नाहीत. एकटा कसा करशील विचारत होता, कसा करणार ते त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. ज्याला खांद्यावर बसवून शाळेत सोडलं, त्याने वडिलांच्या हत्याराला हात लावला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "भाऊजी असं कधी करणार नाहीत." मी म्हटलं, उद्या तपासू. तपासून बोलू. गुण्या बरोबर निघाला तर त्याचा दोष नाही, माझा हात गेला. मग हत्याराला पुन्हा हात लावणार नाही, वखारीत जाऊन सगळ्यांदेखत धाकट्याच्या पाया पडेन, आणि मग या हातांचं करायचं काय ते मला माहीत नाही, जगायचं कशासाठी तेही माहीत नाही. आणि बिघडलेला निघाला तर सगळ्या बाजाराला कळेल भाऊ काय चीज आहे ते.

ही ऐकत होती. हातातलं धान्य निवडणं थांबलं होतं.

११ मार्च

तपासलं.

दुपारी, भर उजेडात, कारखान्याचं दार सताड उघडून. चांगली रंधलेली फळी घेतली. गुण्या कडेला टेकवला, रेघ मारली. पालथा केला, त्याच जागी दुसरी मारली. नवीन पेन्सिल, टोक करून.

फळी उजेडाकडे धरली. दूर धरली, जवळ धरली. चष्मा पुसला. काहीतरी होतं तिथे, करडं, एका जागी दाट आणि मग विरलेलं. बोटाने रेघ कळत नाही, हा पेन्सिलीचा मोठा दोष आहे. उन्हाने डोळ्यांत पाणी येत होतं.

मी हिला हाक मारली. ही कोपऱ्यात बसलेलीच होती. फळी तिच्या हातात दिली. म्हटलं, "नीट बघून सांग. एक रेघ आहे की दोन?"

तिने फळीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ की मला पुन्हा विचारावं लागलं. मी म्हटलं, एवढं काय अवघड आहे, एक की दोन.

ही म्हणाली, "दोन."

"फाकलेल्या?"

"हो."

मी खाली बसलो. छातीवरचं ओझं उतरलं, हे खरं आहे. कालपासून मी नीट श्वास घेतला नव्हता. हात माझा गेलेला नाही. हात होता तसा आहे.

तसाच उठून वखारीत गेलो. ही मागून म्हणाली, अहो राहू द्या, घरातलं घरात ठेवा. मी थांबलो नाही. वखारीत पाचसहा गिऱ्हाइकं होती, मालक गादीवर होता, आणि धाकटा ओंडक्याला फीत लावून उभा होता. मी सगळ्यांदेखत सांगितलं, या माणसाने जाता जाता वडिलांचा गुण्या बिघडवला आणि थोरल्या भावाला बाजारातून उठवलं.

धाकट्याने फीत गुंडाळली. मालक म्हणाला, "काय रे, खरं आहे का हे?"

धाकट्याने मालकाकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "गुण्या कुणी तपासला, दादा?"

"मी. आणि तुझ्या वहिनीने. तिने आपल्या डोळ्यांनी दोन रेघा बघितल्या."

"वहिनी म्हणाल्या? दोन?"

"दोन."

त्याने गुंडाळलेल्या फितीचं टोक आत खोचलं. मग म्हणाला, "वहिनी म्हणाल्या तर दोनच असतील."

कबूल केलं. सगळ्यांनी ऐकलं. मालक म्हणाला, भावाच्या हत्यारावर उठतो तो माझं माप काय धड घेणार, आणि त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. धाकटा फीत गादीवर ठेवून निघाला. माझ्याजवळून जाताना थांबला. वखारीच्या दारात एक ओंडका आडवा पडला होता, तो मला दिसला नव्हता असं नाही, माझं लक्ष नव्हतं. त्याने तो पायाने बाजूला सारला आणि गेला.

कारखान्यात परत आलो तर धुराचा वास. ही सांधे चिकटवायचा सरस तापवायच्या शेगडीपाशी बसली होती. सरस नव्हताच शेगडीवर. मी म्हटलं ती फळी दे, रेघांची, खिळ्याने भिंतीला ठोकून ठेवतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. ही म्हणाली, जळणात गेली. चुकून गेली म्हणाली. एवढी रंधलेली फळी कुणी जाळतं का, पण आज तिला बोललो नाही. आवाज घोगरा झाला होता तिचा, धुराने असेल.

घरी येताना हिने माझा हात धरला. झिजलेल्या पायरीपाशी म्हणाली, हं, आता पायरी. मी हात सोडवला नाही.

भाऊ गेला तर गेला. निदान घरात एक तरी माणूस माझ्याशी खरं बोलणारं आहे.